पक्के मिस्त्रींची पिवळी खूण

गल्लीतल्या निम्म्याहून अधिक भिंती ज्यांनी उभ्या केल्या, त्या गवंड्याला सगळे पक्के मिस्त्री म्हणत. पक्के हे काही त्यांचं आडनाव नव्हे. काम संपलं की थापी धुताधुता ते नव्या भिंतीवर दोनदा तळहात मारत आणि म्हणत, "पक्कं! तुमची नातवंडं म्हातारी होतील, पण ही जागची हलायची नाही." नातवंडं म्हातारी व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे या वाक्याची शहानिशा करायची सोय कोणाकडेच नव्हती. लोक मान डोलवायचे, उरलेली मजुरी द्यायचे आणि मिस्त्री पुढच्या कामाला लागायचे.

स्वतःचं घर मात्र त्यांनी फुरसतीने बांधलं. इतक्या फुरसतीने, की त्यांची मुलगी अर्ध्या भिंतीला धरून उभी राहायला शिकली आणि वर छप्पर चढलं तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत निघाली होती. आता ती लग्न होऊन परगावी असते. ज्याच्या-त्याच्या कामातून उरलेलं सामान त्या घरात आलं. न्हाणीघरात तीन रंगांच्या फरश्या, एक खिडकी दवाखान्याची, एक पिठाच्या गिरणीची. "आपलं घर म्हणजे सगळ्या गावाचा उष्टा माल," असं त्यांची बायको म्हणायची. ती प्राथमिक शाळेत सेविका होती. घंटा द्यायचं काम तिच्याकडे, म्हणून गल्लीत ती घंटावहिनी. वहिनींना वेळेत न होणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा राग, आणि गाठ नेमकी अशा माणसाशी पडलेली, ज्याचं "झालंच" म्हणजे पुढचा पंधरवडा.

भूकंप झाला तो रविवारी दुपारी. मिस्त्री कोपऱ्यावरच्या टपरीत चहा पीत बसले होते. बशीतला चहा थरथरला, त्यांना वाटलं ट्रक गेला. मग टपरीची फळीच हातभर सरकली आणि सगळे रस्त्याच्या मधोमध आले. धरणी थांबल्यावर मिस्त्री जे धावत सुटले, ते थेट घरी. अंगणात वहिनी उभ्या होत्या, केसांत धूळ, हातात लाटणं. मिस्त्री त्यांच्या बाजूने आत गेले, मधल्या भिंतीला तळहात लावला, खालपासून वरपर्यंत नजर फिरवली आणि दारात येऊन हाश्शहुश्श करत म्हणाले, "काही झालं नाही!"

"मला?" वहिनींनी विचारलं.

"भिंतीला."

एवढ्या एका उत्तरावर वहिनींनी पुढे कितीतरी दिवस काढले.

गल्लीत जीव कोणाचा गेला नाही. सज्ज्यातून उडी मारलेल्या एका शिंप्याचा पाय तेवढा मोडला. पण खालच्या बाजूला, भर घातलेल्या जमिनीवरची घरं बसली होती. तिथली माणसं शाळेच्या मैदानात तंबूत राहायला आली. शाळेला सुटी मिळाली आणि वर्गांमध्ये सरकारी मदतकेंद्र आलं. वहिनींना मात्र सुटी नव्हती. साहेब लोकांना पाणी द्यायचं, रांगा लावायच्या, कोणता कागद कोणत्या खिडकीवर ते सांगायचं. आठवडाभरात नियम त्यांना इतके पाठ झाले, की साहेबच त्यांना विचारून सही करायला लागले.

नियम तसा सोपा होता. इंजिनिअर घरोघर येऊन पाहणार आणि दाराशेजारी रंगाची खूण करणार. लाल म्हणजे घर राहण्याजोगं नाही, नवं बांधायला मदत. पिवळी म्हणजे दुरुस्तीला मदत. हिरवी म्हणजे घर ठीक आहे, सरकारकडून फक्त शुभेच्छा.

झालं! एरवी पाहुणा आला की मोठेपणाने खोल्या दाखवणारे लोक आता भेगा दाखवू लागले. "आमची बघा, मनगट जातं." "मनगटाचं काय घेऊन बसलात, आमच्यातून शेजाऱ्यांचा टीव्ही दिसतो." एका गृहस्थांनी तर स्वतःच्या लग्नापासूनची जुनी भेग धुऊनपुसून नव्यात काढली.

यात जीव कासावीस झाला तो एकट्या पक्के मिस्त्रींचा. कारण लोक ज्या भेगेवर बोट ठेवत, ती भेग मिस्त्रींच्या भिंतीला असे. "ही भेग नाहीये, हा केस आहे," ते समजावून सांगत. "वरच्या गिलाव्याचा पापुद्रा तडकलाय. आत वीट बघाल तर बोलेल तुमच्याशी." कोणी ऐकेना. शेवटी त्यांनी घमेल्यात माल कालवला, थापी घेतली आणि आपण बांधलेल्या घरांमधून फिरून एकेक भेग लिंपायला सुरुवात केली. फुकटात! जे तयार नव्हते त्यांनी दार लावून घेतलं. पण पाच-सहा घरांनी विचार केला, मदत मिळेल तेव्हा मिळेल, फुकटचा गिलावा कशाला सोडा?

इस्त्रीवाल्या मावशी त्यांतल्याच. गल्लीच्या टोकाला, नाल्याकडेला त्यांची एक खोली. पुढे टेबल टाकून त्या दिवसभर कपड्यांना इस्त्री करायच्या, मागच्या भिंतीला लागून त्यांची खाट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मिस्त्रींनी त्यांची मागची भिंत झकास लिंपली, वर चुन्याचा हात मारला आणि मावशींचं कॅलेंडर होतं तिथे परत टांगून दिलं. मावशींनी त्यांना चहा पाजला, वर दोन शर्टांना फुकट इस्त्री करून दिली. "देव तुमचं भलं करो," असंही म्हणाल्या. हे शेवटचं त्यांनी पुढे परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी आली. इंजिनिअर म्हणजे एक तरुण पोरगी, डोक्यावर टोपी, हातात छोटी हातोडी, चेहऱ्यावर तीन दिवसांचं जागरण. मावशी नेमक्या कपडे पोचवायला गेल्या होत्या. मिस्त्री यजमान असल्यासारखे पुढे झाले.

"काम माझंच आहे. शंका नको."

"चुना ताजा दिसतोय, काका."

"मावशींना स्वच्छतेची आवड फार."

इंजिनिअरने घड्याळाकडे पाहिलं. अजून अख्खी गल्ली तपासायची राहिली होती. तिने दाराशेजारी हिरवा पट्टा ओढला आणि पुढे निघाली. लिंपलेली बाकीची घरंही हिरवी झाली. शेवटी मिस्त्रींचं स्वतःचं घर. स्वयंपाकघरात मागाहून दिसलेली भेग लिंपूनही त्यांच्या मनाला खात्री वाटेना, म्हणून त्यांनी तिच्यापुढे कपाटच सरकवून ठेवलं होतं. घर हिरवं झालं. मिस्त्री दारात उभे राहून त्या खुणेकडे असे बघत होते, जणू कोणी शाल-श्रीफळच दिलं.

संध्याकाळी वहिनी आल्या. खूण पाहिली. आत गेल्या, जागा बदललेलं कपाट पाहिलं.

"हे इथे कशाला?"

"उजेड बरा येतो."

"कपाटाला उजेड कशाला लागतो? आत काय रोपं लावलीत?"

वहिनींनी कपाटामागे हात घालून ओला गिलावा चाचपला. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "अहो, दिवसभर मी त्या शाळेत लोकांना सांगते, लाजू नका, झालेलं नुकसान दाखवा, हा तुमचा हक्क आहे. आणि माझ्याच घरात नुकसान कपाटामागे लपलंय."

"आपल्या घराला काय धाड भरलीय? सरकार म्हणतंय चांगलं आहे."

"सरकार म्हणतंय? सरकारच्या डोळ्यांत धूळ तुम्ही टाकलीत. धूळ कसली, चुना!" त्यांनी शेगडी उचलली, अंगणात नेऊन ठेवली, अंथरूण बाहेर घेतलं आणि ताडपत्री बांधायला लागल्या. "तुम्ही राहा हिरव्या घरात. मी आपली बाहेर बरी."

पिवळ्या खुणेवाल्यांना मदत मंजूर झाल्याच्या बातम्या यायला लागल्या, तशी लिंपलेल्या घरांतली माणसं मिस्त्रींना बघून रस्ता बदलू लागली. मावशींनी रस्ता बदलला नाही. त्यांनी मिस्त्रींच्या पँटला इस्त्री करून पाठवली ती एका पायाला दोन-दोन घड्या पाडून. मिस्त्री ती घालून गेले तेव्हा टपरीवाल्याने विचारलं, "मिस्त्री, रूळ टाकलेत का?"

पुढच्या आठवड्यात एक छोटा धक्का आला. फार नाही, कपातला चमचा वाजण्याइतका. थोड्या वेळाने मावशी मिस्त्रींच्या अंगणात आल्या. हातात घडी केलेलं स्वच्छ फडकं होतं. त्यांनी ते मिस्त्रींच्या हातावर ठेवलं. आत गिलाव्याचा वीतभर तुकडा.

"हे तुमचं," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे राहिलं होतं."

एवढं बोलून त्या वळल्या. त्या दोन शिव्या घालत्या तर मिस्त्रींनी चार उत्तरं दिली असती. पण हे पुडकं हातात घेऊन काय करायचं ते त्यांना कळेना. ते मावशींच्या मागोमाग गेले.

कॅलेंडर खाली पडलं होतं. भेग लिंपली तिथेच पुन्हा उघडली होती आणि आता कोपऱ्यापर्यंत गेली होती. मिस्त्रींनी सवयीने तळहात लावला. तळहाताला वारा लागला. मागच्या भिंतीने बाजूच्या भिंतीची साथ सोडली होती, नाल्याकडचा उजेड फटीतून सरळ आत येत होता. त्यांनी खिशातून ओळंबा काढून सोडला. दोरी भिंतीपासून लांब लोंबकळत राहिली. भिंतीला आतल्या बाजूला पोट आलं होतं. आणि त्या पोटाच्या बरोब्बर खाली मावशींची खाट, उशीवर नीट चादर घातलेली.

या खाटेवर मावशी रोज झोपत होत्या, आणि त्यांना निर्धास्त झोपा असं सांगणारे आपणच होतो.

"मावशी, खाट उचला. आत्ता."

"का? नातवंडं म्हातारी व्हायची आहेत ना?"

"मावशी, पाया पडतो, उचला."

दोघांनी मिळून खाट बाहेर काढली, मग टेबल, मग गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे. सगळं सामान मिस्त्रींच्या अंगणात आलं. वहिनींनी एक शब्द न विचारता ताडपत्री वाढवली. मिस्त्री आत गेले आणि कपाट बाजूला केलं. मग आपलं अंथरूण काखोटीला मारून तेही बाहेर आले. जागा कुठे आहे ते बघायला लागले तर वहिनी म्हणाल्या, "तिकडे, शेगडीपलीकडे. आणि सकाळी शाळेत या. फेरतपासणीचा अर्ज मिळतो."

सकाळी मिस्त्री शाळेच्या फाटकाशी पोचले तर रांग मैदानाला वळसा घालून गेलेली. वहिनी फाटकातच उभ्या.

"अगं, मला जरा—"

"रांगेच्या शेवटी."

"अगं, मी आहे!"

"दिसतंय मला. इथे सगळेच 'मी' आहेत. पाण्याचं पिंप डावीकडे."

मिस्त्री रांगेच्या शेवटी गेले. पुढेमागे सगळी गल्ली. ऊन चढल्यावर कधीतरी त्यांचा नंबर आला. खिडकीत कारकून होता, जाड चष्मा लावलेला, मान वर न करणारा.

"आक्षेप काय?"

"खूण चुकलीय. हिरवी आहे, ती नको."

"कशी चुकली?"

"भेगा लिंपल्या होत्या. दिसल्या नाहीत."

"कोणी लिंपल्या?"

"गवंड्याने."

"गवंड्याचं नाव सांगा."

मिस्त्री पुटपुटले.

"मोठ्याने बोला."

"मीच तो. पक्के मिस्त्री. भेगा मी लिंपल्या, भिंतीही मीच बांधल्या. माझ्या कामाला तडे गेलेत."

मग मागून मोडक्या पायाचा शिंपी कुबडीवर रेलत म्हणाला, "मिस्त्री, परत एकदा होऊन जाऊ दे. मागे ऐकू नाही आलं."

अख्खी रांग हसली. मिस्त्रींचे कान लाल झाले, पण ते मागे वळले आणि खरंच परत एकदा मोठ्याने म्हणाले. त्यानंतर मात्र कोणी हसलं नाही. पुढच्या बाईने त्यांना पदराने नाही पण हातातल्या कागदाने थोडा वारासुद्धा घातला.

कारकून अजून कोड्यातच होता. "म्हणजे अर्जही तुमचा, चूकही तुमची, आणि तक्रार तुमच्याच विरुद्ध? असा रकाना नाही."

"'इतर' मध्ये लिहा," फाटकाकडून वहिनींचा आवाज आला. कारकुनाने मुकाट्याने लिहिलं.

इंजिनिअर आली तेव्हा मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन तयार होते. मावशींच्या घरापासून सुरुवात झाली. आपण लिंपलेलं आपणच फोडायचं, म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापायचं. पण मिस्त्रींनी एकेक भेग टोकापर्यंत मोकळी करून दाखवली. मागून गल्ली चाललेली, वरातीसारखी. वराने घोड्याऐवजी घमेलं घेतलेलं, इतकाच फरक.

"रागावलात का, ताई?" मिस्त्रींनी विचारलं.

"रागावले होते," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मी नुसती हातोडी वाजवून पाहिली असती तर पोकळ आवाज आला असता. घाईत होते. हातोडी काय दाखवायला बाळगते मी?" तिने दोन विटांमधला माल नखाने खरवडला. "माल उत्तम आहे हो, काका."

मिस्त्रींनी चटकन आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"पण," ती म्हणाली, आणि तेही सगळ्यांनी ऐकलं, "भिंती एकमेकींना बांधलेल्या नाहीत. दारांच्या वरून चारी बाजूंनी सळया घालून काँक्रीटचा पट्टा फिरवायला हवा होता."

"तेव्हा कोणीच घालत नव्हतं."

"खरं आहे. तेव्हा कोणीच घालत नव्हतं."

तिने तो विषय तिथेच सोडला. मिस्त्रींना वाटलं होतं ती आणखी काहीतरी बोलेल, आणि आपण त्यावर वाद घालू. वादच मिळेना म्हटल्यावर ते बिचारे पुढची भेग फोडायला लागले.

मावशींच्या दाराशी लाल खूण झाली. गेले काही दिवस जो-तो लाल खुणेसाठी देव पाण्यात घालून बसला होता. पण ती उमटली तेव्हा कोणीच अभिनंदन केलं नाही. मावशी त्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे पाडायची?" इंजिनिअर "हो" म्हणाली. मावशींनी डोळे पुसले आणि वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इथेच नवऱ्याबरोबर त्यांनी संसार मांडला होता. मदत मिळणार हे खरं, पण खोली जाणार हेही तितकंच खरं.

लिंपलेली बाकीची घरं पिवळी झाली. शेवटी मिस्त्रींचं घर. कपाट बाजूला होतंच. इंजिनिअरने भेग मोजली, हिरव्या खुणेवर फुली मारली आणि शेजारी पिवळा पट्टा ओढला.

"जरा मोठा काढा," वहिनी म्हणाल्या. "लांबून दिसू दे."

पैसे यायला वेळ लागला, पण आले. नियमाप्रमाणे ते घरातल्या बाईच्या खात्यावर जमा झाले. मावशींचं अडलं ते बँकेत, अंगठ्यापाशी. आयुष्यभर गरम इस्त्री धरून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. कोणाचा शर्ट कोणता हे नुसत्या हाताने ओळखणारं बोट, पण मशीन काही त्याला ओळखेना. एकेक करत सगळी बोटं लावून झाली, अखेर डाव्या करंगळीने काम केलं. "निदान एक तरी आळशी निघाली," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या हप्त्यासाठी अट होती: काम प्रशिक्षण घेतलेल्या गवंड्यानेच करायचं. म्हणून पक्के मिस्त्री उतारवयात पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. बाक इतके बुटके, की गुडघे कानाला लागत. शिकवायला तीच इंजिनिअर. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी प्रत्येक वाक्याला मान हलवली, नकारार्थी. दुसऱ्या दिवशी ते प्रश्न विचारायला लागले, आणि असे विचारत सुटले की बाकीचे गवंडी चुळबुळू लागले. जेवणाच्या सुटीची घंटा झाली तरी मिस्त्री उठेनात, तेव्हा वहिनींनी खिडकीतून डोकावून पुन्हा एकदा वाजवली.

घरच्या दुरुस्तीचा दिवस ठरला तेव्हा पैसे वहिनींच्या खात्यात होते, आणि गवंडी दारात.

"मजुरी काय घेणार?" वहिनींनी विचारलं.

"अगं, स्वतःच्या घराची मजुरी कसली?"

"फुकटचा गिलावा एकदा घेऊन बघितलाय गल्लीने. सांगा, किती?"

मिस्त्रींनी आकडा सांगितला. वहिनी म्हणाल्या, जास्त आहे. मिस्त्री म्हणाले, सळया वाकवायचं काम वाढलंय. घासाघीस चांगली रंगली. शेवटी जे ठरलं त्यात दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. मग मिस्त्रीच म्हणाले, "पण आपलं नंतर. आधी मावशींचं. पावसाळ्याआधी त्यांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे."

"ते मी कधीच धरलंय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कधी म्हणता याचीच वाट बघत होते."

मावशींची जुनी खोली पाडली, पाया नाल्यापासून चांगला मागे घेतला. तळाचा पट्टा ओतून झाला, भिंती दारांच्या उंचीला आल्या आणि वरच्या पट्ट्याच्या सळया बांधायची वेळ आली. मावशी रोज येऊन परांचीखाली टेबल टाकत आणि इस्त्री करता करता वर लक्ष ठेवत. इंजिनिअरने त्यांना कोपऱ्यात सळई कशी वळली पाहिजे ते एकदा दाखवलं होतं. मावशींना तेवढं पुरलं. वहिनीही शाळा सुटली की येऊन एकेक कोपरा बघून जात.

"मिस्त्री, तो कोपरा बघा. सळई आखूड पडलीय."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. आखूड पडली होती खरी, दोन बोटं. त्यांनी तार सोडली, सळई बाहेर काढली.

"बांधतो परत."

"बांधा बांधा. मला कुठे जायचंय," मावशी म्हणाल्या आणि पुढचा शर्ट टेबलावर पसरला. "आणि मग त्या पलीकडच्या कोपऱ्याकडेही एकदा नजर टाका. मला वाटतं, तिथे वहिनींनी काहीतरी पाहिलंय."